राहिलेला डोळा

"दार लाव गं!" अरुळसामी भिंतीकडं तोंड करून ओरडला.

सेल्वराणीनं दार आणखीच सताड उघडलं. उजेड आत आला तसा नवऱ्यानं पंचा डोळ्यावर दाबला.

"पंचा काढा."

"कानशीचा कीस गेलाय. निघंल."

"परवापासनं कीसच निघतोय होय? काढा म्हणते ना!"

डोळा लालभडक. उजवा तर लहानपणीच ठिणगी उडून गेलेला. दिंडुक्कलच्या या कुलूपवाल्यांच्या गल्लीत अरुळसामी डाव्या डोळ्याच्या भरवशावरच किल्लीचे दाते घासायचा. त्या डोळ्याला आतून सूज यायची, म्हणून मदुरैच्या डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी लावून दिली होती.

"गोळी घेताय ना?"

त्यानं पंचा पुन्हा डोळ्यावर ओढला.

"अहो, तोंडालाबी कुलूप घातलंय का?"

"तुझा भाऊच म्हणाला, त्या गोळीनं अंगातली रोगाशी लढायची ताकद मरते. कोरोना आला की पहिला दाजीचाच नंबर! म्हणून सोडली. महापालिकेच्या गाडीवर वाटतात तो काढा पितोय की पेलाभर!"

"काढ्यानं डोळा निवतो होय? आणि ऐकलं कुणाचं, तर माझ्या भावाचं! त्याला सायकलचं पंक्चर काढता येत नाही!"

तिनं मदुरैच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली जया सिस्टर म्हणाली, "अक्का, गोळी मनानं सोडायची नसते. ताप आला तर आम्हाला विचारायचं, काय करायचं ते आम्ही सांगू. आजच आणा त्यांना."

लॉकडाऊनमुळं बस बंद. दारात माल पोचवायची मोपेड होती. सेल्वराणीनं ती कधी गल्लीबाहेर नेली नव्हती. पदर खोचला, नवऱ्याला काळा चष्मा लावून मागं बसवलं.

"घट्ट धरा. पडलात तर उचलायला थांबायची नाही."

नाक्यावर पोलिसानं काठी आडवी घातली. "अम्मा, पास?"

"हा बघा पास." तिनं नवऱ्याचा काळा चष्मा ओढून काढला. ऊन लागताच अरुळसामी कळवळला. पोलिसानं काठी उचलली. "मास्क नाकावर घे," एवढंच म्हणाला.

दवाखान्यात डोळे तपासायच्या मशीनवर मधोमध प्लास्टिकचा पडदा. श्वासानं भिंगावर वाफ धरायची, म्हणून सिस्टरनं त्याच्या मास्कची वरची कड चिकटपट्टीनं बंद केली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं.

"सूज उतरेल. तासातासाला थेंब, आणि गोळी परत सुरू. पण गेलं तेवढं दिसणं काही परत यायचं नाही. आहे ते राखायचं."

"आणि कोरोना?"

"मास्क लावा, गर्दी टाळा. त्याच्यापासनं जपता येतं, अण्णा. हा डोळा गेला तर दुसरा कुठनं आणणार?"

"किल्ली घासता येईल?"

"मोठी येईल. बारीक नाही."

येताना न सांगताच त्यानं तिला घट्ट धरलं.

लाली गेली, दुकानं उघडली, आणि दागिन्यांच्या पेटीचं एक कुलूप आलं. दाते तांदळाच्या कणीएवढे. अरुळसामीनं किल्ली उजेडात धरली, जवळ नेली, लांब नेली. मग पाटावर बाजूला सरकला आणि कानस बायकोपुढं धरली.

सेल्वराणी बसली. तिनं कानस मारली, त्यानं दात्यावरून अंगठा फिरवला.

"अजून केसभर," तो म्हणाला. "हात हलका ठेव."