पुलावरची पाटी

निवडणूक जवळ आली आणि नगरपालिकेला रेल्वेगावाच्या इतिहासाचा उमाळा आला. आठ दिवसांत पाण्याच्या टाकीला गुलाबी रंग फासला गेला, इंजिन फिरवायच्या जुन्या चक्रावर कारंजं बसलं आणि ठिकठिकाणी माहितीच्या पाट्या उभ्या राहिल्या. त्या लिहिल्या नगराध्यक्षांच्या जावयाने. सारं गाव त्याला जावईबापू म्हणे, कारण तेवढाच त्याचा हुद्दा होता.

तिकीटबाई, म्हणजे तीस वर्षं स्टेशनच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेली बाई, एक एक पाटी वाचत निघाली. टाकीवर लिहिलं होतं, 'इथे इंजिनं आपली तहान भागवत.' त्या गळक्या टाकीत पाण्यापेक्षा मेलेली कबुतरंच जास्त निघायची. चक्र म्हणे 'साहेबांच्या कल्पकतेने' फिरायचं. फिरायचं कसलं, चार माणसं खांदे सोलून घेत ते ढकलायची. साहेब सावलीत उभे राहून घड्याळ बघायचे.

पुलापाशी मात्र तिचं डोकंच फिरलं. 'महापुराच्या सकाळी स्टेशनमास्तर लाल झेंडा घेऊन धावले आणि दोनशे प्रवाशांचे प्राण वाचले.' ते मास्तर जिना चढले तरी धापा टाकायचे! धावले होते तिचे बाबा, रुळांच्या सैल पाचरी ठोकत रोज मैलोन्‌मैल चालणारे. पुलाखालची माती सुटलीय, हे त्यांनी आदल्याच दिवशी मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी ते कानाआड केलं आणि गाडी सोडली. तिच्या घरात हे लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. बाहेर कुणालाच नव्हतं.

उद्या उद्घाटन होतं. ती तडक नगरपालिकेत गेली. जावईबापू किल्लीने कान कोरत बसले होते.

"पुलाची पाटी खोटी आहे," ती म्हणाली. "गाडी माझ्या बाबांनी थांबवली."

"मावशी, आम्ही काही हवेतून लिहीत नाही." त्यांनी किल्ली पँटला पुसली, त्याच किल्लीने कपाट उघडलं आणि एक पिवळा कागद पुढे सरकवला.

पुरानंतरच्या चौकशीतला जबाब होता. 'पुलाबद्दल मी मास्तरांना काही सांगितलं नव्हतं. गाडी मास्तरांनीच थांबवली.' खाली बाबांची सही होती. ती सही तिनेच दुसरीत असताना पाटीवर गिरवून त्यांना शिकवली होती.

तिने तारीख पाहिली. त्याच महिन्यात त्यांना पत्र्याच्या खोपटातून नळ असलेल्या पक्क्या खोल्या मिळाल्या होत्या. आईने पहिल्या दिवशी तो नळ उगीचच दहादा सोडून पाहिला होता. पुढे तिला खिडकीवर चिकटवलं तेही मास्तरांनीच शब्द टाकून. बाबांनी तेव्हा तिला मास्तरांच्या पाया पडायला लावलं होतं, आणि ती पडली होती. आता तिला मास्तरांची किळस आली, बाबांची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी," जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले. "उद्या पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो."

"कोरा कागद द्या."

तिने उभ्यानेच लिहिलं. 'हा जबाब खोटा आहे. गाडी माझ्या बाबांनी थांबवली. मग घरासाठी ते खोटं बोलले. माझी नोकरीही त्याच खोट्यावर लागली.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

जावईबापूंनी ते दोनदा वाचलं. "अहो, एवढं सगळं पाटीवर कुठं मावणार?"

"मास्तरांना काढा," ती म्हणाली. "मावेल."