माझ्या शेवटी येणारा हुंदका

मी गाण्याची एक छोटी तबकडी बोलतेय. हो, तीच, दर गुरुवारी शेवटचा पेशंट गेला की दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जिच्यापुढे डॉक्टर, त्यांचे वकील मित्र आणि एक प्राध्यापक असे तीन शहाणे हात धुऊन बसतात.

माझा जन्म साठच्या दशकातला. एका गॅरेजच्या माडीवर नुकती शाळा संपलेली मुलगी झोकात गात होती आणि तिची थोरली बहीण खंजिरी वाजवत होती. गाणं संपलं आणि ताईला हसू आवरेना. ध्वनिमुद्रण करणारा वैतागून म्हणाला, "राहू दे आता, जेवायची वेळ झाली." झालं, मी त्या हसण्यासकट छापली गेले.

माझ्या प्रती निघाल्या थोड्या, खपल्या त्याहून थोड्या. मी स्वतः बरीच वर्षं एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. माझ्या हातून घडलेलं समाजकार्य ते एवढंच.

पुढे भंगारवाल्याकडे डॉक्टरांना मी सापडले. ओल लागून माझ्या अंगावरचा कागद गळून गेला होता. ना नाव, ना गाव. संग्राहकांना अशा वस्तू फार आवडतात, कारण मग तोंडाला येईल ते बोलता येतं.

माझ्याएवढ्या तबकडीने मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या मारायच्या असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण डॉक्टरांच्या यंत्राची कळ मोठ्या तबकड्यांच्या वेगावर, तेहतीसवर होती. मी रेंगाळत फिरले आणि मुलीच्या गळ्यातून बाप्याचा घोगरा आवाज निघाला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"खचलेला माणूस आहे हो," वकील म्हणाले. "चार दिवस पोटात अन्न नाही त्याच्या."

"आणि तो शेवटचा हुंदका!" निवृत्त प्राध्यापकांनी डोळे मिटले. "अख्खं दशक रडतंय त्यात!"

ताईच्या हसण्याचं हे असं सोनं झालं. माझी ध्वनिफीत दूरदूरच्या रसिकांना पाठवली गेली. त्यांनीही हुंदक्यावर पानंच्या पानं लिहिली. कळीकडे मात्र एकानेही पाहिलं नाही.

एका गुरुवारी बाकीचे पेशंट गेले तरी बाहेरच्या खोलीत एक आजी कवळीसाठी थांबल्या होत्या, आणि ते कुणाच्या लक्षात नव्हतं. दात काढून काढून डॉक्टरांनी त्यांचं तोंड पार रिकामं केलं होतं. मी वाजू लागले आणि आजी थेट आत आल्या.

"डॉक्टर, जरा भरभर लावा ना हे."

"आजी, हा मिक्सर नाही," वकील म्हणाले.

"अहो, मी गायलेय हे! आणि शेवटी आमची ताई हसतेय. रडत नाहीये हो, हसतेय. ती गेली. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही."

डॉक्टरांनी कळ फिरवली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगात वारं शिरलं! मुलगी गायली, खंजिरी वाजली आणि ताई खुदखुदली. आजींनी पदर तोंडाशी धरला. मला भरून आलं, पण तबकडीने रडायचं कसं?

"जरा पोरकट वाटतं, नाही?" प्राध्यापक म्हणाले.

"आपला हुंदका जास्त अस्सल होता," वकिलांनी निकाल दिला. इतकं लिहून झाल्यावर आता चूक कोण कबूल करणार? तेव्हा खरं गाणं चुकीचं ठरलं आणि चुकीचं खरं.

"मला द्याल ही?" आजींनी विचारलं.

"संग्रहातली आहे, आजी," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "आणि फार वाजवली तर झिजते."

मंगळवारी आजी पुन्हा हजर. "डॉक्टर, दाढ दुखतेय."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि त्या रिकाम्या तोंडात बराच वेळ गंभीरपणे पाहिलं.

"हं. दुखणं जुनं आहे. दर मंगळवारी यावं लागेल," ते म्हणाले आणि उठून त्यांनी यंत्राची कळ पंचेचाळीसवर नेली.

तेव्हापासून गुरुवारी मी विद्वानांसाठी रडते आणि मंगळवारी हसते. झिजतेय म्हणतात, झिजू दे. तुमच्याही टेबलाखाली माझी एखादी बहीण असेल तर बाहेर काढा आणि विद्वत्ता पाजळण्याआधी एकदा कळ बघा.

आता पुरे. आज मंगळवार आहे आणि आजी आल्यात, कवळी घरी ठेवून, गालाला हात लावून.