रोह्याचे रंगवलेले व्हॉल्व्ह

हर्षद साहेबाचं नाव निघालं की हिरामण नाक मुरडायचा. रोह्याच्या एका केमिकल कंपनीचा हा मेंटेनन्स मॅनेजर. गळ्यात ओळखपत्र, तोंडात इंग्रजी, आणि डोक्यात? नारळात पाणी तरी असतं.

पेणला रामवाडीच्या वर्कशॉपमध्ये हिरामण वीस वर्षं सेफ्टी व्हॉल्व्ह तपासत होता. रिॲक्टरमधलं प्रेशर हाताबाहेर गेलं की आपोआप उघडून ते बाहेर सोडतो, तो हा व्हॉल्व्ह. तो उघडला नाही तर रिॲक्टर फुटतो, संपलं. म्हणून वर्षातून एकदा तो काढायचा आणि मळासकट, हात न लावता टेस्ट बेंचवर चढवायचा. प्लांटवर तो वेळेला उघडला असता की नाही, हे तेव्हाच कळतं. रिपोर्टात त्याचा वेगळा रकाना असतो, 'जसा आला तसा'.

आणि हर्षद साहेब काय करायचा? व्हॉल्व्ह घासूनपुसून, आत तेल सोडून, वर निळा रंग मारून पाठवायचा. घाणेरडं सामान बाहेर गेलं तर कंपनीची लाज जाते म्हणे! जणू सोयरिकीला मुलगी दाखवायची होती. असल्या अक्कलशून्य माणसाला शिकवायचं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं, असं हिरामणचं ठाम मत. बेंचवर व्हॉल्व्ह ठरलेल्या दहा किलो प्रेशरला बरोबर उघडायचा, हिरामण रकान्यात दहा लिहायचा आणि सही ठोकायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं.

यंदा हे सगळं करणारा कंपनीचा रंगारी पेणच्या कारखान्यात गणपती रंगवायला गेला. त्यामुळे चार रिॲक्टरांपैकी पहिल्याचा व्हॉल्व्ह टेम्पोतून होता तसाच आला. हिरामणने तो बेंचवर चढवला. काटा दहावर गेला, बारावर, पंधरावर. व्हॉल्व्ह ढिम्म. आत चिकट माल सुकून पार दगड झाला होता.

हिरामणची मुलगी प्रणिता गेल्या दिवाळीपासून त्याच कंपनीत ऑपरेटर होती, आणि बाकीचे तीन रिॲक्टर त्या घडीला चालू होते. त्याने साहेबाला फोन लावला. तासाभरात साहेब गाडी घेऊन हजर.

"काका, आधी साफ तरी करायचा. असा कोण टेस्ट करतं?"

"असाच करतात. प्रेशर चढल्यावर तुमचा रंगारी तिथं तेल घालायला येनार हाय काय?"

"साफ करा, परत लावा, दहा लिहा. उद्या माझी फाइल वर जायची आहे. यापुढे टेस्ट तीन वर्षांनी एकदाच, असं मागितलंय त्यात."

"आधी बाकीचे तीन रिॲक्टर बंद करा."

"कशाच्या जोरावर?" साहेबाने फाइल उघडली. "हे तीन वर्षांचे बारा रिपोर्ट. जसा आला तसा, दहा. एकही नापास नाही. सही तुमचीच ना? मी तर यावरच विसंबून होतो, काका."

आणि तो खरंच विसंबून होता. त्याला बापड्याला कळतच नव्हतं. कळत होतं ते हिरामणला, आणि तो तीन वर्षं नाक मुरडत सह्या करत बसला होता. स्वतःचीच त्याला किळस आली.

त्याने फाइल ओढली आणि बाराही रिपोर्टांवर आडवं लिहिलं, 'खोटं. साफ करून आलेला व्हॉल्व्ह तपासला.' खाली सही केली.

"लायसन्स जाईल तुमचं," साहेब म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"जाऊं दे. तुम्ही प्लांटला फोन लावा."

साहेबाने मुकाट्याने फोन काढला. हिरामणने इकडे प्रणिताला लावला. "रिॲक्टरपासून लांब हो गो. तुझ्या बापानं व्हॉल्व्हचं खोटं लिवलंय."

"बाबा, नव्या पोरी घाबरतात ना, तर मी त्यांना व्हॉल्व्हवरचं तुमच्या सहीचं लेबल दाखवते. म्हणते, माझ्या बाबांनी तपासलाय, बिनघोर बसा."

"त्यांना पन बाहेर काढ," हिरामण म्हणाला.