यंत्र बरोबर होतं

घड्याळजींच्या घरात दिवस उजाडायचा तो घड्याळजींच्या बोटाने. तोंड धुऊन झालं की ते खुर्चीत बसत, साखर मोजायचं यंत्र मांडीवर घेत आणि बोटाला सुई टोचत. तेवढा वेळ मुलगा दाढी थांबवायचा आणि सून चहाचं आधण मंद करायची. भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं मात्र आपापल्या मताने टिकटिकत राहायची. मग घड्याळजी आकडा जाहीर करत. आकडा चांगला निघाला की घरभर कौतुक व्हायचं, जणू काही त्यांनी तो स्वतः घडवला होता.

कौतुक खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि माणूस सुतासारखा सरळ झाला. भात निम्मा, तळलेलं बंद, गोड बंद, सकाळी मित्रांबरोबर तासभर चालणं. पोट उतरलं, पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. दुकानात बंद घड्याळ घेऊन येणाऱ्याला ते आधी स्वतःची तब्येत सांगत, मग घड्याळाची विचारत.

आता निम्मा भात सोडला म्हणजे उरलेला निम्मा कुठे गेला, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही. तो काकूंच्या पोटात गेला.

घड्याळजींच्या बायकोला सगळी गल्ली काकूच म्हणायची. तीस वर्षं एकाच मापाने तांदूळ घेणारा त्यांचा हात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काही बदलला नाही. शिवाय गिऱ्हाइकं मिठाईचे डबे आणायची. घड्याळजी मन राखायला चिमूटभर खात आणि डबा पुढे सरकवत. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण त्यांचा नियम घरात ठणठणीत होता: बाईने सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि अन्न टाकायचं नाही. म्हणून काकू दुपारी तीनला, सगळं आवरल्यावर, मोरीशेजारी ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवत. ताटसुद्धा घेत नसत. पातेल्यातला गार भात, कालचं तळलेलं, डब्यातलं गोड. नवऱ्याला जे जे वर्ज्य, ते ते बायकोला.

जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार होत्या. चौथीवर जुनी वर्तमानपत्रं असत.

अलीकडे काकूंना तहान फार लागे. सुईत दोरा जाईना. टाचेची भेग दोन महिने भरली नव्हती. वय झालं, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोणी जवळ नव्हतं. चालायला येऊ का, असं एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. तू तर दिवसभर पायांवरच असतेस, तुला कशाला चालायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एके सकाळी घड्याळजींचा आकडा दोनशे बारा आला. घरावर अवकळा पसरली. पण जन्मभर यंत्रांशी संसार केलेला माणूस; त्यांनी शांतपणे निदान केलं की यंत्र बिघडलं. आता खात्री करायला एखादं निरोगी माणूस हवं.

"अगं, जरा इकडे ये. तुला काही नाही ना, तुझी मोजून बघू."

काकू भांडी घासत होत्या. साबणाचे हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी बोट पुढे केलं. तीस वर्षांत त्या बोटाची चौकशी पहिल्यांदाच होत होती. चहासुद्धा झालेला नव्हता. आकडा आला दोनशे शहाऐंशी.

घड्याळजी इतके मोकळे हसले की मुलगा अर्ध्या दाढीने बाहेर आला. "बघ! म्हटलं नव्हतं? यंत्रच गेलंय."

डोळ्याला भिंग लावून त्यांनी यंत्राची पाहणी केली, बॅटरी बदलली आणि शेवटी ते औषधवाल्याकडे नेलं. औषधवाल्याने तपासून सांगितलं की यंत्र चोख आहे, तुम्ही हात धुतले होते का. तेव्हा घड्याळजींना आठवलं, आदल्या दिवशीच्या मिठाईचा डबा त्यांनी सकाळी नुसता उघडून पाहिला होता. पाक बोटाला लागला असणार. तिथेच हात धुऊन मोजली, एकशे बारा.

दुपारी जेवताना ही गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. काकू वाढत होत्या. यंत्र चोख, तर मग दोनशे शहाऐंशी कोणाचे, हे कोणीतरी आता विचारेल म्हणून त्या भाताचं पातेलं हातात धरून थोडा वेळ थांबल्या. मुलाने मीठ मागितलं. त्यांनी मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं गेलं. आकड्याने शब्द फिरवला नाही. टाच बघताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. हा पाय सांभाळला नाही तर गमवावा लागेल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग विचारलं, रोज काय खाता.

"उरलेलं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे काय काय?"

काकूंना सांगता येईना. नवऱ्याला काय आवडतं, मुलाला काय पचत नाही, सगळं तोंडपाठ होतं. स्वतःला काय आवडतं, ते बराच वेळ आठवूनही सापडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली आणि बजावलं: ताजं खा, बेताचं खा, वेळेवर खा, आणि पुढच्या वेळी घरचं कोणीतरी बरोबर आणा. घरचे कामात असतात, असं काकूंनी सांगितलं. ते खरंच होतं.

परत आल्या तेव्हा तीन वाजले होते. स्वयंपाकघरात सून मोरीशेजारी, त्यांच्याच जागेवर, ओट्याला टेकून उभी होती. हातात नवऱ्याचं उष्टं ताट.

"टाकवत नाही हो, आई," ती ओशाळून म्हणाली.

बाहेर जाऊन काकूंनी चौथ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली.

दिवेलागणीला तांदूळ त्यांनी पहिल्यांदाच निम्मा घेतला. सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात भाजी वाढली, दोन घास भात घेतला आणि टेबलाशी बसल्या. सुनेला शेजारची खुर्ची दाखवली.

घड्याळजी हात पुसत आले आणि थबकले. "आज आधीच? वाढणार कोण?"

"पातेलं समोरच आहे." काकूंनी घास गिळला. "माझी साखर दोनशे शहाऐंशी होती. यंत्र बरोबर होतं."

मुलाने बापाकडे पाहिलं, बापाने भिंतीवरच्या घड्याळांकडे. तिथे दर घड्याळात वेळ निराळी होती. मग घड्याळजींनी स्वतः वाढून घेतलं, अंदाज नसल्याने जास्तच. निम्मं खाऊन, सवयीने, ताट पुढे सरकवलं.

ताट टेबलाच्या मधोमध आलं. सुनेचा हात किंचित हलला. काकूंनी त्यावर आपला हात ठेवला.

बंद घड्याळाकडे बघावं तसे घड्याळजी त्या ताटाकडे पाहत राहिले. शेजारी माणसं असूनही काकू एकट्याच जेवत होत्या, सावकाश, घास चावून चावून. बऱ्याच वेळाने घड्याळजींनी ताट पुन्हा आपल्याकडे ओढलं.