ठरवलेली

किन्हीराजाजवळच्या तांड्यावर त्या रविवारी रंजीताचा सत्कार होता. ती वाशीमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. एका संस्थेच्या बारा खंडांच्या समाजविज्ञान कोशात बंजारा समाजावरची नोंद तिनं लिहिली होती आणि नोंदीखाली तिचं नाव होतं. तांड्यानं सातवा खंड मागवला, त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. निवृत्त शिक्षक गोविंदसिंग गुरुजी माइकवर नोंद वाचू लागले. रंजीताची स्वतःची प्रत अजून आली नव्हती. छापलेली नोंद तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

दुसऱ्या परिच्छेदात गुरुजी अडखळले आणि एक वाक्य गाळून पुढे गेले. पहिल्या रांगेत रंजीताचे वडील दौलतसिंग बसले होते. त्यांनी गाळलेलं वाचायला सांगितलं. गुरुजींनी वाचलं, "ही पूर्वीची गुन्हेगार जमात असून..."

दौलतसिंग उठले. ते दरवर्षी ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या गावात काही चोरीला गेलं, की पोलीस आधी त्यांच्या पाचटाच्या कोप्या उपसतात. मागच्या हंगामात एका मोटरपंपासाठी त्यांना रात्रभर ठाण्यात बसवलं होतं. चोर गावातलाच निघाला. माफी कोणी मागितली नाही.

"हे तू लिवलं?"

"नाही, बाबा. मी 'इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेली' असं लिवलं होतं."

"मंग ठरवलेली कुठं गेली?"

रंजीतानं तिथूनच संपादकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. संपादकांना वाक्य आठवत होतं. नोंद शब्दमर्यादेत बसवताना काही शब्द काढावे लागले, ते शांतपणे म्हणाले, आशय तोच राहतो. शुद्धिपत्र शेवटच्या खंडात येईल. तो खंड कधी निघेल ते सांगता येत नव्हतं. तिची फारच अडचण होत असेल, तर पुढच्या आवृत्तीत नोंदीखालचं नाव काढता येईल.

"नाव कायले काढतं?" दौलतसिंग मुलीला म्हणाले. "तू सुटशीन. आमाले ते वाक्य तसंच राह्यते."

रंजीतानं फोन माइकजवळ धरला आणि गुरुजींना तेवढं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. गुरुजींनी वाचताना आपणहून 'ठरवलेली' घातलं.

"छापलं तसं वाचा, गुरुजी," दौलतसिंग म्हणाले. "सायेब आयकून राह्यले."

गुरुजींनी छापलं तसं वाचलं.

"आनखी एकदा," बायांच्या रांगेतून रंजीताची आई गोमतीबाई म्हणाली.

गुरुजींनी आणखी एकदा वाचलं. मग संपादकांनी विचारलं, तिथे किती लोक आहेत?

"ज्यांच्यावर नोंद आहे ते लोक आहेत, सर," रंजीता म्हणाली.

संपादकांचा आवाज उतरला. खंड जिथे जिथे गेला आहे, त्या प्रत्येक ग्रंथालयाला दुरुस्तीची चिठ्ठी पाठवू, ते म्हणाले. रंजीतानं तसा मेल आत्ताच मागितला. आज सुट्टी आहे, कार्यालय बंद आहे, असं उत्तर आलं.

"आमी बसलो हाओ म्हना त्याइले," दौलतसिंग म्हणाले आणि खाली बसले.

मेल येईपर्यंत मंडपातून कोणी उठलं नाही.