ज्ञानदूत आणि गुरुजींची शिफारस

औसा रोडवरच्या ‘यशोशिखर क्लासेस’च्या दारात सकाळी सातपासून रांग लागायची आणि रांगेतली माणसं चपला काढून उभी राहायची. चपला काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी एका बाईनं काढल्या, तिच्या मागच्यानं काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी एक जण नारळ घेऊन आला. आत देव नव्हता. आत एक पत्र्याचा माणूस होता.

त्याचं नाव ज्ञानदूत. छातीवर लाल-हिरवे दिवे, डोक्याच्या जागी चंदेरी रंग दिलेलं स्कूटरचं हेल्मेट आणि पोटाला एक चौकोनी भोक. दहावी झालेल्या पोरानं आपल्या फॉर्मवरचा नंबर सांगून त्या भोकात उजवा हात घालायचा. दिवे पळायला लागायचे आणि टेपवरचा जाड आवाज सांगायचा, “मी ज्ञानदूत. मला नातेवाईक नाहीत. मला वशिला चालत नाही. मी खरं तेच सांगतो.” मग शेजारच्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. तिच्यावर घरची माहिती, बारावीला पडणारे टक्के आणि पोरानं घ्यायची शाखा.

साल १९९७. भूकंपाला चार वर्षं होत आली होती. ज्या भिंतींच्या भरवशावर माणसं झोपली त्याच भिंती अंगावर आल्या होत्या, तेव्हापासून ती काहीतरी पक्कं शोधत होती. त्यात लातुरात गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागलेल्या. आपलं पोरगं डॉक्टर होईल का, एवढा एकच प्रश्न घेऊन मुदखेड-अर्धापूरपासून आईबाप एसटीनं येत होते. त्यांना क्लासचे मालक श्रीनाथ सर माइकवरून समजावत.

“मेंदूतल्या लहरी तळहातात उतरतात, पालकहो. त्या लहरी हे यंत्र मोजतं. तंत्रज्ञान जपानी, संस्कार लातुरी. माणूस चुकेल, हे चुकणार नाही. डॉक्टर तुमचा ताप मोजतो तेव्हा तुम्ही थर्मामीटरशी भांडता का?”

कोण भांडणार? लोक मान डोलवत. आणि सगळ्यात जोरात मान डोलवली होती ती रेणुकादास गुरुजींनी.

रेणुकादास गुरुजी म्हणजे भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मास्तर. भोंदूंचा कर्दनकाळ. नारळातून जाळ काढणारा बाबा त्यांनी भर बाजारात उघडा पाडला होता. पाण्याचा दिवा पेटवणाऱ्या अम्माच्या दिव्याखालचं कॅल्शियम कार्बाइड पोरांना हुंगायला लावलं होतं. त्यांची पद्धत ठरलेली. बाबाला माहीत नसलेलं माणूस खोट्या नावानं पुढं करायचं आणि बाबा काय बोलतो ते ऐकायचं. बाबा तोंडावर पडायचाच. म्हणूनच श्रीनाथ सरांनी ज्ञानदूताची फीत त्यांच्या हातून कापली. गुरुजी भाषणात म्हणाले, “आता अंगारे-धुपारे पुरे. यापुढं विज्ञान तुमचं भविष्य सांगेल.” टाळ्या कडकडल्या, आणि गुरुजींनाही त्या गोड लागल्या.

त्या वर्षी त्यांच्या शाळेतली सात पोरं क्लासात यायला निघाली. सगळ्यांचे फॉर्म गुरुजींनी स्वतः भरले आणि प्रत्येकाला एक शिफारसपत्र जोडलं. गरजू पोरासाठी चार ओळी लिहायची त्यांची जुनी सवय. सातांपैकी हुशार म्हणजे शेषेरावांची आरती. दहावीला ब्याऐंशी टक्के, तेही पत्र्याच्या शेडमध्ये शिकून. तिच्या पत्रात त्यांनी लिहिलं, ‘भूकंपात मातृवियोग. सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’

आठ दिवसांनी आरतीनं भोकात हात घातला. चिठ्ठी आली. ‘वडील शेतकरी. मातृवियोग. बारावीत ५१ टक्के. विज्ञान झेपणार नाही. शाखा कला. शिवणकामात गती.’

शेषेरावांनी चिठ्ठी गुरुजींपुढं धरली. “गुरुजी, हिची माय गेलेली ह्या मशीनला कसं कळालं वो?”

“लहरी, शेषेराव.”

“मंग ते विज्ञानाचंबी खरंच असंल?”

आरती गुरुजींकडं बघत होती. गुरुजींना वाटलं, एक्कावन्न कसे? ही पोरगी माझ्याकडं तीन वर्षं शिकली आहे. पण पत्र्याचा माणूस लुकलुकत होता, मागं दोनशे माणसं उभी होती आणि फीत त्यांनीच कापलेली. ते म्हणाले, “यंत्राला कुणाची भीड नसते, शेषेराव.”

एवढंच. शेषेरावांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि लेकीला घेऊन गाव गाठलं. निलंग्याकडचं एक स्थळ चालून आलेलं होतं. पोरगी शिकणार म्हणून त्यांनी ते थांबवलं होतं. आता त्यांनी निरोप धाडला की रविवारी या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आरती विज्ञानाच्या खोलीत आली.

“गुरुजी, एक विचारू? तुम्ही त्या नारळवाल्या बाबाची परीक्षा घेतली व्हती. ह्या मशीनची घेतली का?”

“बाबा आणि यंत्र यांत फरक असतो, आरती.”

“हाव. बाबाला तोंड तरी असतंय. त्याला इचारता येतंय.” तिनं आपला तळहात पुढं केला. “माझी माय गेलेली हाताला कुठं लिहिलेलं असतंय, गुरुजी? म्या कुणाला सांगितलं न्हाई. तुमीच फॉर्मवर लिहिलं व्हतं ना? अन सोमवारी विज्ञानाच्या प्रवेशाची शेवटची तारीख हाय.”

गुरुजी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. वीस वर्षांत त्यांनी एकाही बाबाला असा सोडला नव्हता. दाढी असती, भगवं असतं, तर पहिल्याच दिवशी त्यांनी हिसका दाखवला असता. हेल्मेट पाहून मात्र आपण हात जोडले, याची त्यांना इतकी शरम वाटली की पोरीच्या तोंडाकडं बघवेना.

“उद्या माझ्याबरोबर चल,” ते म्हणाले. “शेषेरावांनाही आण. आणि आपल्या गुंडप्पालाही घेऊ.”

गुंडप्पा शाळेचा शिपाई. वय सत्तावन्न, शिक्षण अंगठ्यापुरतं.

शनिवारी रांगेत आरतीच्या पुढं मुग्धा नावाची शहरातली मुलगी होती. वडील बांधकाम खात्यात इंजिनिअर. तिचा नंबर दोनशे बारा. आरती तिच्या कानात काहीतरी बोलली. मुग्धा हसली आणि बाजूला सरली.

पडद्याआड कीबोर्डपुढं उमाबाई बसायच्या. दिवसाला शंभर नंबर नुसते ऐकून दाबताना बाईंची मान वर होत नसे. आरती म्हणाली, “दोनशे बारा,” आणि भोकात हात घातला. दिवे पळाले. ज्ञानदूतानं आपल्याला नातेवाईक नसल्याचं पुन्हा जाहीर केलं. चिठ्ठी आली.

“मोठ्यानं वाच,” गुरुजी म्हणाले.

आरतीनं वाचली. “वडील इंजिनिअर. बारावीत त्र्याण्णव टक्के. शाखा वैद्यकीय. मातृसुख उत्तम.”

शेवटचे दोन शब्द तिनं सगळ्यात हळू वाचले. शेषेरावांनी तोंडावर उपरणं धरलं.

“हात तोच, पालकहो,” गुरुजी रांगेकडं वळून म्हणाले. “परवा हाच हात एक्कावन्न टक्क्यांचा होता. गुंडप्पा, तू ये.”

गुंडप्पानं आरतीचा नंबर सांगितला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चिठ्ठी गुरुजींनीच वाचली. गुंडप्पाला शिवणकामात गती होती आणि त्यानं बारावीला कला शाखा घ्यायची होती.

“बारावीला बसतो की,” गुंडप्पा गंभीरपणे म्हणाला. “अंगठा चालतो का तेवढं इचारा.”

रांग हसली. पाठीमागच्या काही जणांनी हळूच चपला पायात घातल्या. श्रीनाथ सर धावत आले. “व्होल्टेज कमी-जास्त झालंय. यंत्र गोंधळलंय.”

“यंत्र गोंधळलेलं नाही,” गुरुजी म्हणाले. “हात घालायचं भोक रिकामं आहे.” त्यांनी बाजूचं झाकण ओढलं. आत दिव्यांच्या वायरी, टेपरेकॉर्डर आणि घरघर करणारा टेबलफॅन. हाताला काही लागेल असं तिथं काहीच नव्हतं. “उमाबाई, खरं सांगा. चिठ्ठी कशी ठरते?”

उमाबाई पडद्याबाहेर आल्या. त्यांचाही जीव या खोट्याला विटला असावा.

“फॉर्म आले की सर त्यावर एक, दोन नाहीतर तीन टाकतात. एकला मेडिकल, दोनला इंजिनिअरिंग, तीनला कला. टक्केही त्यावरूनच छापले जातात, बाकीची माहिती फॉर्मवरचीच असते.”

“तीन कुणाला?”

“क्लासचा निकाल खाली आणतील अशांना. थेट नको म्हटलं तर आईबाप भांडतात. मशीनशी कुणी भांडत नाही.” त्या गुरुजींकडं वळल्या. “गुरुजी, राग मानू नका. ज्याला शिफारसपत्र जोडलेलं असतं त्याला सर न वाचता तीन टाकतात. शिफारस लागते म्हणजे पोरगं कच्चं, असं ते म्हणतात. तुमच्या सातही पोरांना तीनच पडले.”

पुढं आरडाओरडा झाला. श्रीनाथ सर मागच्या दारानं गेले, पत्र्याच्या माणसाचं हेल्मेट कुणीतरी काढून नेलं. गुरुजींच्या कानावर त्यातलं काही गेलं नाही. सात पत्रं. प्रत्येकावर त्यांची सही, आणि सातही त्यांनी मायेनं लिहिलेली. आरतीच्या कपाळावरचा तीनचा आकडा श्रीनाथनं लिहिला, पण पेन त्यांनी पुरवलं होतं.

सोमवारी शेषेरावांनी आरतीचा विज्ञानाचा प्रवेश केला. पाहुण्यांना त्यांनी शनिवारीच कळवलं होतं, की पोरगी शिकायलीय, तुमी दुसरीकडं बघा. गुरुजी उरलेल्या सहा घरी गेले आणि प्रत्येक उंबऱ्यावर स्वतःची चूक सांगितली. पाच पोरांचं काही ना काही जमलं.

सहावं घर साखराबाईचं. तिच्या लेकीचं लग्न आदल्या आठवड्यात उरकलं होतं. चिठ्ठी देव्हाऱ्यात, हळदीकुंकू वाहिलेली. गुरुजींनी टेबलफॅनपासून शिफारसपत्रापर्यंत सगळं सांगितलं. साखराबाईनं शांतपणे ऐकलं, चहाचा कप पुढं केला आणि विचारलं,

“मंग आता काय करावं, गुरुजी?”

गुरुजींनी तो घेतला. कप हातातच निवत गेला.

त्यानंतरही ते गावोगाव फिरले. नारळातून जाळ काढून दाखवायचे, पाण्याचा दिवा पेटवायचे, आणि शेवटी हात जोडून म्हणायचे, “दाढीवाल्याला जे विचारता तेच दिवेवाल्यालाही विचारा. ह्याच्यात माहिती कुणी भरली? कशासाठी भरली? दुसऱ्याचा हात घातला तर काय येतं? यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण ते स्वतःचं असं काही बोलतच नाही, भरणाऱ्याचं बोलतं. आणि मी सांगतो म्हणूनही कशावर विश्वास ठेवू नका. मी न तपासता एकदा मान डोलवली. साखराबाईची लेक आज अकरावीच्या वर्गात असायला हवी होती. ती तिथं नाही, ते माझ्यामुळं.”