मी मोठ्याने घेतलेलं एक नाव

मी एक जुना कर्णा आहे. लग्नात, सभेत खांबावर तोंड पसरून बसलेला असतो ना, तोच. सध्या दोंडाईच्यातल्या एका डाळ मिलच्या अडगळीत, फाटक्या बारदानावर तोंड खाली करून पडलो आहे. मित्रांनो, तोंड वर करायची मला लाज वाटते.

धुळ्यातल्या एका छोट्या कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. लग्नसराईत मी गावोगाव फिरलो. लोक म्हणायचे, "हाऊ कर्णा नही, वाघ शे!" झालं, चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर. पुढे मिलचे मालक रुपचंदआबा यांनी मला विकत घेतलं आणि अंगणातल्या खांबावर टांगलं. सकाळचं भजन, जेवणाची सुट्टी, आलेल्या ट्रकचा नंबर, सगळं मीच ओरडून सांगायचो.

एके दिवशी डाळ निवडणाऱ्या पुष्पाबाई आपल्या बावीस वर्षांच्या लेकीला, दिपमालाला, कामाला घेऊन आल्या. आबांना म्हणाल्या, "आबा, मनी पोर स्वमग्न शे. कामले पक्की शे, पन मोठा आवाज तिले सहन व्हत नही."

आबा भला माणूस. त्यांनी मुकादम कुंदनभाऊंना सांगून माझं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि दिपमालाला आतल्या खोलीत जागा दिली. दिपमाला कुणाशी फारसं बोलत नसे. पण तिच्या सुपातून एक खडा सुटेल तर शपथ! दोन वर्षांत आमच्या मिलचं एकही पोतं परत आलं नाही. मी मात्र मनातून धुसफुसत होतो. एवढा नावाजलेला मी, आणि एका पोरीपायी मिलकडे पाठ करून रस्त्यावरच्या म्हशींना भजनं ऐकवायची!

मग दसरा आला. दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा होते आणि चांगलं काम करणाऱ्याचा सत्कार. आबांनी दिपमालाचं नाव काढलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "आबा, साडी घरीच द्या ना."

"चोरी करी का तिनी? मान चारचौघात द्यावा," आबा हसून म्हणाले. दिपमालाला मात्र कुणी विचारलं नाही.

कुंदनभाऊंनी मला पुन्हा अंगणाकडे वळवलं. खरं सांगू? मला आनंद झाला. दोन वर्षांची कसर आज भरून काढू, असं मी ठरवलं. कुंदनभाऊंनी माईक हातात घेतला, मी आधी कर्कश किंचाळलो आणि मग तिचं नाव घेतलं. ती आली नाही. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा आणखी जोरात. आवाज त्यांचा होता, पण तो दहापट मी केला.

बायकांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं. टाळ्या सुरू झाल्या. दिपमाला दोन्ही कान दाबून खाली बसली आणि पूजेच्या टेबलाच्या पायावर कपाळ आपटू लागली. कुणीतरी हसलं. "लाजू नको," मीच वरून ओरडत होतो. पुष्पाबाईंनी धावत येऊन तिला पोटाशी धरलं आणि घरी नेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दोघी पंधरा दिवस आल्या नाहीत. मग एक दिवस पुष्पाबाई एकट्याच आल्या. आबांनी मागाहून घरी पाठवलेली सत्काराची साडी त्यांनी घडीही न मोडता आबांपुढे ठेवली.

"तुमनं मन वाईट नव्हतं, आबा. पन आते मी घरमा तिनं नाव घेतं, तरी ती कान झाकस."

मित्रांनो, आईने ठेवलेलं नाव. चोवीस वर्षं ज्या नावाला ती ओ देत होती, ते मी तीन हाकांत नासवलं. त्या दिवशी वीज गेली असती तर बरं झालं असतं.

आबांनी साडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी काय करू?"

"तिलेच इचारा."

आबा स्वतः त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसले, नाव न घेता विचारलं. तिने सांगितलं. कर्णा नको. डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूब नको. मागून हात लावू नका. एवढंच. आबांनी ट्यूब बदलली. सुट्टीची वेळ आता दारावर लावलेल्या लाल कापडावरून कळते. मला खाली काढलं, तेव्हा इतर बायकाही म्हणाल्या की त्यांचंही डोकं दुखायचं. मला वाटायचं, सगळे माझ्यावर खूश आहेत.

दिपमाला परत कामाला येते. पुष्पाबाईंना तिला बोलवायचं असलं, तर त्या समोर जाऊन उभ्या राहतात आणि ती बघेपर्यंत थांबतात. नाव अजून घेत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दुकानात, कार्यक्रमात असं कुणी आलं, तर मान देण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. त्याच्या आईला नाही, त्यालाच. मी विचारू शकत नव्हतो, मी पत्रा. पण अंगणात त्या दिवशी चाळीस माणसं होती.